माडांच्या चार ओळी होत्या, आता दीड उरली : बंधारा मागावा की मागे सरावं?

आगरवाट
नमस्कार मंडळी,
बरेच दिवस लिहायचं मनात होतं. परवा माहेरून परत आले आणि आता लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

माहेर दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या वादाबद्दल लिहिणार आहे त्यातली सगळी माणसं रोज एकमेकांच्या पडवीत बसून चहा पिणारी आहेत. आमचं आगर तिकडच्या कुठल्याही आगरासारखंच. आधी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, मग मर्यादवेल आणि केवड्याचं बन, मग जांभ्याचा गडगा, आत माड-पोफळी आणि शेवटी घर. माझ्या लहानपणी गडग्याच्या आत, समुद्राच्या अंगाला माडांच्या चार ओळी होत्या. आता दीड उरली आहे. गडगा केव्हाच कोसळला, त्याचे चिरे ओहोटीला वाळूत दिसतात. त्या उरलेल्या अर्ध्या ओळीतल्या एका माडाखाली मी उभी राहिले, तर मुळांचा जुडगा माझ्या कमरेपर्यंत उघडा पडलेला. माड ताठ उभा आहे, वर नारळ धरलेत, आणि मुळांच्या मागे हात घातला तर नुसती पोकळी.

२०२०च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वादळ आलं तेव्हा पोफळीची बाग आडवी झाली. अण्णांनी ती पुन्हा लावली. सुपारी धरायला किती वर्षं जातात हे पुरतं माहीत असून, पंच्याहत्तरीच्या माणसाने लावली. वादळाने नेलेलं निदान डोळ्यांना दिसतं. विहिरीचं तसं नाही. गेले दोन उन्हाळे एप्रिल लागला की पाणी मचूळ होतं. आई म्हणाली, तुरीची डाळ त्या पाण्यात शिजत नाही, म्हणून स्वयंपाकापुरत्या दोन कळश्या वरच्या वाडीतून आणाव्या लागतात. ज्या विहिरीवर अर्धी वाडी पाणी भरायची, त्या विहिरीच्या मालकिणीने दुसऱ्याच्या दारी कळशी घेऊन जायचं, हे तिला फार लागलंय.

गावात सध्या एकच विषय आहे, धूपप्रतिबंधक बंधारा. ग्रामसभेत ठराव यायचा आहे. शेजारच्या गावात काही वर्षांपूर्वी दगडी बंधारा झाला. त्यामागची घरं सुरक्षित आहेत हे खरं. पण तो बंधारा संपतो तिथून आमची हद्द सुरू होते आणि तेव्हापासून नेमकी तिथलीच जमीन चावा घेतल्यासारखी तुटते आहे. हा मला भास होतोय की यामागे काही शास्त्र आहे?

अण्णांना बंधारा हवा. धाकटा भाऊ म्हणतो, जागेला भाव आहे तोवर विकून मोकळे होऊ. मला दोन्ही पटत नाही आणि तिसरं सुचत नाही. ग्रामसभा पंधरा दिवसांवर आली आहे. जाणकारांनी कृपया लिहावं.

ओळंबा
आगरवाट ताई, भास नाही. मी सरकारी बांधकामात तीस वर्षं काढली, त्यातली बरीच किनाऱ्यावर. स्वतः बंधारे बांधलेत, म्हणून जबाबदारीने लिहितो.

पुळण एका जागी बसून राहत नाही. पावसाळ्यात उंच लाटा लागोपाठ येतात, वाळू ओढून आत नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा दांडा घालतात. पुढच्या लाटा मग त्या दांड्यावरच फुटतात. पाऊस सरला की शांत, लांब अंतराच्या लाटा तीच वाळू परत आणतात. दिवाळीपर्यंत पुळण भरून आलेली दिसते ती यामुळे. शिवाय लाट किनाऱ्यावर तिरपी चढते आणि उतरताना सरळ उतरते, म्हणून वाळू किनाऱ्याच्या कडेकडेनेही सरकत राहते. तुमच्या दारातली वाळू शेजारच्या गावातून आलेली असते आणि पुढच्या गावाला जाणार असते.

आता मध्ये दगडी भिंत उभी राहिली. पुळणीच्या उतारावर लाटेचा जो जोर जिरायचा तो भिंतीवर आपटून मागे फिरतो आणि पायथ्याची वाळू उकरतो. वादळात मागच्या टेकाडातली वाळू सुटून पुळणीला मिळायची, ती भिंतीआड कोंडली जाते. आणि भिंत जिथे संपते तिथे लाट वळसा घेऊन उघड्या जमिनीत घुसते. तुमचं आगर त्या टोकाला आहे.

बंधारा खचला की लोक म्हणतात दगड कमी घातले. कधी तेही असतं, नाकारत नाही. पण नीट बांधलेला बंधाराही पायथ्याखालून वाळू गेली की बसतो. दगडांखाली गाळणीचं कापड नसेल तर मागची माती फटींतून वाहून जाते आणि वरून धडधाकट दिसणारा बंधारा आतून पोकळ होतो. रत्नागिरीला मिऱ्याच्या बंधाऱ्याची पावसाळ्यापावसाळ्यागणिक काय अवस्था व्हायची ते त्या बाजूच्यांना विचारा. शेवटी टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे अवजड ठोकळे, घालायची वेळ आली.

तरीही बंधारा कधीच नको असं मी म्हणणार नाही. जिथे रस्ता, शाळा, दाट वस्ती थेट लाटेवर आहे आणि मागे सरायला जागाच नाही, तिथे तो लागतो. माझं म्हणणं एवढंच की आपण काय राखतोय आणि त्याच्या बदल्यात काय देतोय, हे ठरावाआधी गावाला कळलं पाहिजे. बंधाऱ्यामागे घर राहतं, पुळण बहुधा राहत नाही.

सागरगोटा
वाचतोय. ओळंबा काकांना +१. मालवणात देवबागची अवस्था बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर अख्खा गाव. तिथल्या माणसाने मागे सरावं तर नदीत सरावं लागेल. त्यांनी बंधारा मागितला तर मी त्यांना कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

भरतीरेषा
मी समुद्रविज्ञानात संशोधन करते, थोडी आकड्यांची भर घालते.

आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरचं संयुक्त राष्ट्रांचं शास्त्रीय मंडळ. त्यांच्या सहाव्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. वेग बघा : १९०१ ते १९७१ दरम्यान वर्षाला सरासरी १.३ मिलिमीटर, २००६ ते २०१८ दरम्यान ३.७ मिलिमीटर. हे मिलिमीटर ऐकून माणसं निर्धास्त होतात. पण पातळी वाढली की प्रत्येक उधाण त्या वाढलेल्या पायरीवरून सुरू होतं. ज्या उंचीला पूर्वी फक्त वादळातलं पाणी पोचायचं तिथे नुसत्या अमावास्या-पौर्णिमेचं पोचायला लागतं.

दुसरं वादळांचं. अरबी समुद्र बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत, असं आपण शाळेत शिकलो. समुद्र तापतोय तशी इथली वादळं गेल्या चार दशकांत वाढली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी दाखवलं आहे. ‘फयान’ २००९ला, ‘निसर्ग’ २०२०ला, आणि पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’. ‘तौक्ते’ गुजरातला जमिनीवर आलं, पण जाताना अख्खं कोकण झोडपून गेलं.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला किनारा उपग्रहाच्या चित्रांवरून तपासला. देशाचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतोय. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण पाव आहे.

पण आगरवाट, तुमच्या आगराची सगळी धूप समुद्राच्या पातळीवर टाकू नका. ओळंबा काकांनी सांगितलेला बंधारा आहेच. जवळच्या खाडीत सक्शन पंपाने वाळू उपसली जाते का, तेही बघा. पुळणीला वाळू पुरवणाऱ्या वाटांपैकी नदी-खाडी ही मोठी वाट. ती तोडली तर समुद्र एक मिलिमीटरही न वाढता किनारा मागे येईल. हवामान बदलाने आपल्या हातातल्या चुका महाग केल्या आहेत, पण त्या चुका अजून आपल्याच हातात आहेत.

आगरवाट
खाडीच्या तोंडाशी उपसा आहे. रात्रीचा चालतो. सगळ्यांना माहीत आहे आणि गावात मोठ्याने कोणी बोलत नाही. भरतीरेषा, तुम्ही विचारलंत म्हणून मी आज इथे लिहू शकले. अण्णांशी आजवर या विषयावर कधी बोललेच नव्हते.

तांडेलाची_लेक
मी पालघरकडची, बाप-आजा दोघे तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचे म्होरके. इथे ‘मागे सरा’ हा शब्द येणार हे धाग्याचं नाव वाचूनच कळलं, म्हणून आधीच लिहिते.

आगर मागे सरकवता येतं, कोळीवाडा कुठे सरकवायचा? होडी ओढायला पुळण लागते. बोंबील वाळवायला वलांड्या लागतात, त्यांना वारा आणि ऊन दोन्ही लागतं. जाळी विणायला, सांधायला मोकळी जागा लागते. रात्री दोनला वारा फिरला तर होडी बघायला धावत जाता यावं इतकं घर जवळ लागतं. हे सगळं दोन किलोमीटर आतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होत नाही.

आणि बंधाऱ्याचंही ऐका. आमच्याकडे सातपाटीसारख्या गावांत उधाणाचं पाणी घरात शिरतं. माझी आत्या पावसाळ्यात पीठ-मीठ सगळं माळ्यावर चढवून ठेवते. तिला बंधारा हवाच आहे आणि मला तिच्यासाठी हवा आहे. पण जिथे जिथे बंधारा झाला तिथे पुळण गेली आणि लहान होडीवाल्यांची जागा गेली. मोठ्या बोटी बंदरात लागतात. एकट्या-दुकट्याची होडी दगडांवरून कशी चढवायची? बांधताना होडी चढवायला उतार ठेवा, एवढं तरी विचारायला कोळणींना बैठकीत बोलवावं की नाही?

शहाळं
तांडेलाची_लेक, तुम्ही मांडलं तेच केरळातही झालं. तिथे ‘पुनर्गेहम’ योजना आहे. भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आतल्या मच्छीमार कुटुंबाने जागा सोडली तर जमीन आणि घरासाठी १० लाख रुपये. सरकारने निदान आकडा ठरवून दिला, ही मोठी गोष्ट आहे. पण बऱ्याच लोकांचं म्हणणं होतं की एवढ्यात समुद्राजवळ जागा मिळत नाही आणि लांब गेलं तर धंदा बुडतो. त्याच राज्यात चेल्लानमला सात किलोमीटर लांब टेट्रापॉडची भिंत बांधली आणि तिथले लोक म्हणतात, आता घरात पाणी येत नाही. दोन्ही खरं आहे.

ओडिशात केंद्रपाडा जिल्ह्यातल्या सातभायाचं उदाहरण आहे. समुद्राने एकेक वस्ती गिळत आणली, शेवटी पाचशेहून अधिक कुटुंबं बागपतिया नावाच्या नव्या वसाहतीत हलवली. घराला जागा मिळाली, शेत मात्र मागे राहिलं. पोटासाठी मग पुरुष बाहेरच्या राज्यांत जायला लागले. गाव हलवायचं म्हणजे घरं हलवायची एवढंच आपण समजतो, तिथे गाडी अडते.

मीरा_डेल्फ्ट
मी नेदरलँड्समध्ये राहते, त्यामुळे ‘डच लोक काय करतात’ हा प्रश्न भारतात आले की हमखास येतो. सगळ्यांच्या डोळ्यांपुढे प्रचंड दरवाजे आणि भिंती असतात. त्या आहेतच, १९५३च्या पुरानंतर बांधलेल्या. पण आमच्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर जे आहे ते वेगळंच आहे.

२०११मध्ये टेर हाइडे गावाजवळ समुद्रात सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एका जागी ओतली, एखादा अंकुश किनाऱ्याला टेकवून ठेवावा तशा आकारात. तिला झांडमोटर म्हणतात, म्हणजे वाळूचं इंजिन. नंतर तिला कोणी पसरवली नाही. ओळंबा काकांनी सांगितलेली ती कडेकडेने सरकणारी वाळू, तेच काम लाटा आणि वारा करतात, आणि दोन्ही बाजूंचा किनारा हळूहळू भरत जातो. १९९०पासून त्यांचं धोरणच आहे : किनारा आहे तिथे ठेवायचा, पण शक्यतो वाळू घालून.

मला मात्र त्या एवढ्या मोठ्या कामापेक्षा एक लहान गोष्ट सांगायची आहे. वाळूच्या टेकाडांवर इथे जाडं, खरखरीत गवत लावतात आणि माणसांनी कुठून चालायचं त्याची वाट तारेने आखून देतात. पाच वर्षांचं पोरसुद्धा त्या तारेच्या आत पाय टाकत नाही. आपल्याकडे हेच काम मर्यादवेल करते. आगरवाट, तुम्ही पहिल्याच परिच्छेदात तिचं नाव घेतलंत, म्हणून हे लिहावंसं वाटलं. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जांभळी फुलं, आणि वाळूवर धावणारी दोरी. त्या दोरीच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि तिथे उडणारी वाळू अडते. समुद्राची मर्यादा दाखवणारी म्हणून मर्यादवेल. माझ्या आजोळी, गुहागरकडे, पर्यटकांच्या गाड्या पुळणीवर उतरायला लागल्या आणि चार हंगामांत ती वेल दिसेनाशी झाली. वेल गेली, मग टेकाड गेलं.

पाऊलखूण
मीरा, अगदी. मी कासवांच्या कामात स्वयंसेवक आहे. मंडणगडच्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२मध्ये घरटी राखायला सुरुवात केली, नंतर अंजर्ल्यासह इतर गावं जोडली गेली. ऑलिव्ह रिडले मादी रात्री भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत येऊन अंडी घालते. पुढे दगड लागले की ती परत फिरते. हे मी एकदा स्वतः पाहिलं आहे. चांदण्यात तिची येण्याची वाट, दगडांपाशी एक अर्धवर्तुळ, आणि समुद्राकडे गेलेली वाट.

सुरूच्या झाडाबद्दलही कोणीतरी लिहायला हवं. आपल्याकडे किनारा वाचवायचा म्हणजे सुरू लावायचा, हे समीकरण झालंय. वारा अडतो, सावली पडते, खरं आहे. पण ‘निसर्ग’मध्ये सुरूची बनंच्या बनं मुळांसकट उलथली, आणि त्या बनाखाली सुयांच्या थरातून दुसरं काही उगवलेलंही नव्हतं. जिथे उंडी, केवडा, निवडुंग, मर्यादवेल असं मिसळून होतं तिथली वाळू माझ्या पाहण्यात जास्त टिकली.

खारेपाटी
आमच्याकडे समुद्र समोरून येत नाही, खाडीतून मागच्या दाराने येतो. मी अलिबाग-पेण पट्ट्यातला, खारेपाटातला. किनारा म्हटलं की सगळे पुळणीचं बोलतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमची शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घालून ती खाडीकडून मिळवली. बांधाला उघाडी असते. ओहोटीला ती उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, भरतीला मिटून खारं पाणी बाहेर ठेवायचं. पहिल्या पावसाने मीठ धुतलं जातं, मग रता पेरायचा. रता म्हणजे खारट जमिनीत तग धरणारा लाल तांदूळ. अलीकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून आलेली ‘पनवेल’ वाणं लावतात.

बांध सांभाळणं हे कुळांचं सामायिक काम होतं. १९३३ ते १९३९ नारायण नागू पाटलांच्या मागे चरीचा जो शेतकरी संप झाला, तो याच मातीत. आजोबा सांगायचे, उधाणाच्या रात्री हाळी आली की ताटावरून उठून जायचं. खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की ती लहान असतानाच बुजवायची. तिवराच्या, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनातल्या झाडाच्या, काठ्या रोवायच्या, पेंढा भरायचा, आणि माणसांची रांग लावून चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. पहिल्या ओहोटीत काम झालं तर बांध वाचतो. दोन-तीन भरत्या गेल्या की खांडीचा ओढा होतो आणि मग माणसाच्या हातात राहत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ला खारजमिनीचा कायदा आला, १९७९ला खारभूमी विकासाचा. मोठे बांध सरकारने घेतले. चांगल्यासाठीच घेतले. पण हाळी बंद झाली. पोरं कारखान्यात गेली, खांड पडली की अर्ज करायचा, आणि अर्ज पावसाळ्यानंतर वाचला जायचा. खाडीत बार्ज वाढले, त्यांच्या लाटा बांधाचा पाय धुतात, तेही आलंच.

आमचं शेत असंच गेलं. खांड पडली, बुजली नाही. पहिल्या वर्षी पांढरं मीठ, दुसऱ्या वर्षी चिखल, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी गुडघाभर तिवर. मुंबई उच्च न्यायालयाने २००५मध्ये कांदळवन तोडीवर बंदी घातली आणि २०१८च्या निकालात ती पक्की केली. आज सातबाऱ्यावर वडलांचं नाव आहे आणि जमिनीवर भरती आहे. बांध पुन्हा घालायचा तर तिवर तोडावं लागेल, ते गुन्हा.

मी बरीच वर्षं त्या तिवरांवर राग धरून होतो. पण ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ दोन्ही वेळा आमच्या मागचा, गावाचा आतला बांध टिकला. त्याच्यापुढे आमच्या शेतातलं तिवर उभं होतं. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पुढे काही नव्हतं, तिथे बांध दोन जागी फुटला. आमचं शेत आज गावाचा बंधारा आहे. सरकार दगडी बंधाऱ्याला पैसे देतं, मग ज्याच्या शेतातलं तिवर तेच काम करतं त्याला दरसाल काही द्यावं की नाही? वडलांनी हा प्रश्न तीन कचेऱ्यांत विचारला. एका ठिकाणी चहा मिळाला.

मानशीकाठ
खारेपाटी, गोव्यातून लिहितोय आणि तुमची पोस्ट दोनदा वाचली. आमची खाजनं तीच. सुमारे १८ हजार हेक्टर. तुमची उघाडी ती आमची मानस : लाकडी झडप, भरतीचं पाणी ढकलतं तेव्हा आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. वीज नको, माणूस नको. मानशीपाशी मासळी धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. गावकारीचं, म्हणजे गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचं, राज्य होतं तेव्हा त्या पैशांवर बांध राखले जायचे.

पुढे बांध कोणाचे आणि मासळी कोणाची यात फारकत झाली. मासळीवाल्याला खारं पाणी आत राहिलेलं हवं असतं, कोरगुट, म्हणजे खाऱ्या जमिनीतला भात, पेरणाऱ्याला बाहेर. काही ठिकाणी मानस मुद्दाम उघडी ठेवतात. शेत एकदा पडीक पडलं की बांधाकडे बघायला कोण जातो? आमच्याकडे बांध फुटले त्यातले निम्मे समुद्राने फोडले नाहीत, एवढं मी माझ्या गावापुरतं नक्की सांगतो.

ओळंबा
खारेपाटींचा प्रश्न रास्त आहे. त्याला धरून एक माहिती, आगरवाट ताईंनाही उपयोगी पडेल. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्ती निधीतून धूप रोखायला १५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १००० कोटी वेगळे सुचवले होते. देशभराच्या मानाने रक्कम थोडी आहे. पण धुपीने घर जाणं ही आपत्ती आहे आणि त्या माणसाला नवी जागा देणं हे सरकारचं काम आहे, हे त्यात पहिल्यांदा कागदावर आलं. ठरावात याचा उल्लेख करा.

आणि तुमच्या भावाला सांगा, सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९च्या अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकामाला मनाई आहे. दर चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त लोकसंख्या असेल तरच ती मर्यादा ५० मीटर. भरतीरेषा आत आली की ते माप आत येतं. आज विकत घेणाऱ्याला हे कळत नसेल तर उद्या कळेल, आणि जो कळून घेतो तो भिंत घालायच्या तयारीनेच येतो.

आगरवाट
मंडळी, ग्रामसभा झाली. उशीर झाला लिहायला, क्षमस्व.

तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट मी छापून नेल्या होत्या. ओळंबा काकांची पहिली पोस्ट अण्णांनी आदल्या रात्री कंदिलापाशी बसून वाचली, वीज गेली होती. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे शेजाऱ्याने आपली वाळू अडवली, आणि आपण बंधारा घातला की पुढच्या वाडीची आपण अडवणार.” पुढच्या वाडीत माझी मावशी राहते.

सभेत तापलंच. किनाऱ्यालगतच्या दोन घरांना लाट अगदी पडवीपर्यंत येते. त्यातला एक काका उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या वेली वाढेपर्यंत मी कुठे झोपू? त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. तेव्हा अण्णा बोलले. अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचं देऊळ आधी खाली समुद्राकाठी होतं आणि पाणी चढलं तेव्हा देव कड्यावर गेला, असं आमच्याकडे सांगतात, तिथे देवाचं पाऊलही दाखवतात. अण्णा म्हणाले, “देवाला वर जागा दिली तेव्हा गावानेच दिली असेल. याला आपण नको द्यायला?” वरच्या वाडीत गावठाणाची थोडी जागा पडून आहे. त्या दोन घरांना ती मिळावी असं ठरावात आलं, वित्त आयोगाच्या उल्लेखासकट. मिळेल की नाही ते पुढे कळेल. काका अजून नाराज आहे, आणि त्याचा राग मला समजतो.

बंधारा पूर्ण रद्द झाला नाही. शाळा आणि रस्ता जिथे थेट लाटेवर आहेत तेवढ्या तुकड्यात मागितला आहे, पण आधी वाळू कुठून कुठे सरकते त्याची पाहणी करा, दोन्ही शेजारच्या गावांना विचारा आणि होडी चढवायला उतार ठेवा, या अटींवर. तांडेलाची_लेक, उताराचं वाक्य तुमचं आहे. ते वाचलं तेव्हा मागे बसलेल्या दोन बायका पहिल्यांदा पुढे येऊन बसल्या. वाळू उपशाचा विषय मी काढला. सभेत शांतता पसरली. ठरावात तो आला नाही. पण बाहेर पडताना तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं की अर्ज केलास तर सही करू. अर्ज लिहायला घेतला आहे.

आमच्या आगरापुरतं म्हणाल तर अण्णांनी नवा गडगा घालायचा बेत सोडला. उरलेली दीड ओळ समुद्राची, असं ते म्हणतात. तिच्या मागे, दहा-बारा पावलं आत, त्यांनी केवडा लावायला घेतलाय. विहिरीवरचा पंप बंद करून पुन्हा रहाट बसवला, गोडं पाणी वरच्या थरात असतं तेवढंच हळू काढायचं म्हणून. डाळ अजून वरच्या वाडीच्या पाण्यातच शिजते.

निघायच्या दिवशी पहाटे त्यांनी मला पुळणीवर नेलं. विहिरीच्या कठड्यापासून उधाणाच्या ओल्या रेषेपर्यंत पावलं मोजायला लावली आणि भिंतीवर खडूने तारखेपुढे आकडा लिहिला. एकसष्ट. आता दर अमावास्या-पौर्णिमेला ते मोजणार आहेत आणि मला फोनवर सांगणार आहेत. मी ते आकडे इथे टाकत जाईन.

एक मदत हवी आहे. उंडीची रोपं शंभरेक लागतील आणि मर्यादवेलीच्या दोऱ्या जमतील तेवढ्या. पाऊस उघडायच्या आत लावायच्या आहेत. दापोली, गुहागर, मंडणगडच्या बाजूला कोणाकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आम्ही टेम्पो घेऊन येऊ.